एक वर्ष, दोन अजिंक्यपदं आणि एक खटला

तुमच्या घरात बास्केटबॉलचं वेड असलेलं एखादं पोर असेल, तर त्याला ॲलन आयव्हरसनबद्दल विचारून पाहा. लगेच मोबाइल काढून ते तुम्हाला मार्च १९९७ मधली एक चित्रफीत दाखवेल. एनबीएत नुकताच आलेला एक किरकोळ अंगाचा खेळाडू चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात असा काही फिरवतो, की समोरचा मायकेल जॉर्डन चक्क चकतो. जॉर्डन म्हणजे त्या काळचा बास्केटबॉलचा देवच! आमच्या बेळगावातल्या पोरांनाही हे दृश्य पाठ आहे.

पण या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात विलक्षण वर्ष त्याच्या चार वर्षं आधीचं आहे. तेव्हा तो शाळेत, अकरावीत होता. त्या एका शालेय वर्षात त्याने आपल्या शाळेला दोन वेगवेगळ्या खेळांत राज्याचं अजिंक्यपद मिळवून दिलं. आणि वर्ष संपायच्या आतच तो आरोपीच्या पिंजऱ्यातही उभा राहिला. खेळणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी ही गोष्ट सोबत बसून वाचावी असं मला वाटतं, म्हणून ती इथे सांगते आहे.

गाव हॅम्प्टन

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनिया राज्य आहे. त्याच्या आग्नेय टोकाला, चेसापीक उपसागराच्या मुखाशी हॅम्प्टन हे शहर वसलेलं आहे. शेजारी न्यूपोर्ट न्यूज, तिथे प्रचंड मोठा जहाजबांधणीचा कारखाना. हॅम्प्टनमध्ये लँग्लीचा हवाई तळ आहे आणि नासाचं संशोधन केंद्रही. 'हिडन फिगर्स' हा २०१६ चा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातल्या गणितज्ज्ञ कृष्णवर्णीय बायका नोकरीला होत्या त्या याच लँग्लीत. १६१९ साली इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत गुलाम म्हणून आणलेले पहिले आफ्रिकन लोक जहाजातून उतरले, ती पॉइंट कम्फर्टची जागाही आजच्या हॅम्प्टनमध्येच येते. म्हणजे काळ्या-गोऱ्यांचा प्रश्न या गावाच्या पायातच आहे.

या गावात ७ जून १९७५ रोजी ॲलनचा जन्म झाला. त्याची आई ॲन तेव्हा अवघी १५ वर्षांची होती. वडील संसारात राहिले नाहीत. घरात पैशांची कायम ओढाताण. कधी वीज नसायची, कधी पाणी नसायचं. लहान वयातच या मुलाच्या अंगावर घरची जबाबदारी पडली होती.

लहानपणी त्याचं प्रेम होतं फुटबॉलवर. आई त्याला ओढूनच बास्केटबॉलला घेऊन गेली, तेव्हा त्याने रडून गोंधळ घातला होता. हा नाजूक लोकांचा खेळ आहे, असं त्याचं म्हणणं होतं! हा किस्सा त्याने स्वतःच अनेकदा सांगितला आहे. फुटबॉल शिकवणाऱ्या गॅरी मूर यांनी या मुलाला लहानपणापासून धरून ठेवलं. पुढे तो मोठा खेळाडू झाल्यावरही त्याचे व्यवहार पाहायला तेच सोबत होते.

हा फुटबॉल कोणता?

इथे थोडं थांबून समजून घेऊ, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की गोव्यातला किंवा कोल्हापुरातला, पायाने खेळायचा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत त्याला सॉकर म्हणतात. त्यांचा फुटबॉल लांबट चेंडूचा. हा चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाड पॅड. मैदान १०० यार्डांचं. चेंडू घेऊन समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचलात की टचडाउन, त्याचे सहा गुण.

या संघाचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. आक्रमणात जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. चेंडू हातात आल्यावर त्याला दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरून धिप्पाड गडी अंगावर येत असतात, आणि त्याला लांबवर कोण मोकळा आहे ते पाहून चेंडू फेकायचा असतो किंवा स्वतः पळायचं असतो. आयव्हरसन हा बेथेल हायस्कूलचा क्वार्टरबॅक होता. शिवाय बचावाच्या वेळी तो मागच्या फळीत उभा राहायचा, आणि प्रतिस्पर्ध्याने लाथ मारून लांब पाठवलेला चेंडू झेलून उलट पळणाराही तोच. म्हणजे सामनाभर मैदानाबाहेर बसायला त्याला फुरसत नसे.

मग बास्केटबॉल कधी? तर त्याचं उत्तर अमेरिकन शाळांच्या वेळापत्रकात आहे. तिथे खेळ ऋतूंप्रमाणे वाटलेले आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत फुटबॉल, थंडी सुरू झाली की मार्चपर्यंत बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल आणि धावण्याच्या स्पर्धा. एक हंगाम संपला की दुसरा सुरू. त्यामुळे दोन-तीन खेळ खेळणारी मुलं तिथे सर्रास सापडतात. मात्र दोन्ही खेळांत राज्यातला सर्वोत्तम असणारा मुलगा अपवादानेच सापडतो.

१९९२ च्या हिवाळ्यात बेथेलने फुटबॉलचं राज्य अजिंक्यपद जिंकलं. त्यानंतर आयव्हरसन त्या मैदानावरून सरळ लाकडी तक्तपोशीच्या कोर्टवर गेला. बास्केटबॉलच्या त्या हंगामात त्याची सरासरी होती सामन्याला ३१.६ गुण. शालेय सामना ३२ मिनिटांचा असतो, म्हणजे मिनिटाला जवळपास एक गुण! आणि हे सहा फुटांच्या मुलाने केलेलं. सहा फूट आपल्याला उंच वाटेल, पण बास्केटबॉलच्या मापाने तो ठेंगणाच.

त्याचा बास्केटबॉल नीट पाहिला तर त्यातला फुटबॉल लपत नाही. भर वेगात असताना दिशा बदलणं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून गर्दीतली मोकळी जागा हेरणं, आपल्यापेक्षा फूटभर उंच माणसांच्या अंगावर बेधडक घुसणं, आपटणं आणि पुन्हा उठणं. हे सगळं क्वार्टरबॅकच्या शाळेत शिकलेलं. ज्या खेळाला तो नाजूक म्हणाला होता, त्या खेळात त्याने आपला पहिला खेळ असा सोबत नेला.

१४ फेब्रुवारी १९९३

बास्केटबॉलचा हंगाम अजून चालू होता. त्या दिवशी रात्री हॅम्प्टनमधल्या एका बोलिंग ॲलीत, म्हणजे चेंडू घरंगळत सोडून खुंट्या पाडण्याचा खेळ असतो तशा ठिकाणी, आयव्हरसन आणि त्याचे मित्र गेले होते. तिथे काळ्या आणि गोऱ्या तरुणांमध्ये बाचाबाची झाली आणि तिचं रूपांतर मोठ्या मारामारीत झालं. खुर्च्या फेकल्या गेल्या. एका गोऱ्या तरुणीच्या डोक्याला खुर्ची लागून जखम झाली.

भांडण कशावरून सुरू झालं, याबद्दल दोन बाजूंचं दोन तऱ्हेचं म्हणणं. एका बाजूने सांगितलं की मुलांना वर्णावरून शिवी दिली गेली. दुसऱ्या बाजूने सांगितलं की मुलंच दंगा करत होती. पोलिसांनी अटक केली ती चौघांना, आणि चौघेही कृष्णवर्णीय होते. त्यांत १७ वर्षांचा आयव्हरसन होता. त्या तरुणीला खुर्ची मारल्याचा आरोप त्याच्यावर होता. भांडण पेटताच आपण तिथून निघून गेलो, असं त्याचं म्हणणं होतं. गावातलं शेंबडं पोरही मला ओळखतं, मग मी सगळ्यांदेखत खुर्ची कशी उचलेन, असा त्याचा साधा सवाल होता. त्या गोंधळाचं एकाने केलेलं चित्रीकरण उपलब्ध होतं, पण त्यात आयव्हरसन कुणाला मारताना दिसत नाही, असं बचाव पक्षाने मांडलं.

खटला उभा राहीपर्यंत तो खेळत राहिला, आणि मार्चमध्ये बेथेलने बास्केटबॉलचंही राज्य अजिंक्यपद जिंकलं. एका बाजूला जल्लोष आणि दुसऱ्या बाजूला टांगती तलवार!

१७ वर्षांचा असूनही त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालला. लावलेलं कलम होतं जमावाने मिळून दुखापत केल्याचं. गोऱ्या जमावांनी काळ्या लोकांना पकडून ठार मारण्याचे प्रकार दक्षिणेत होत असत, त्यांना आळा घालण्यासाठी असे कायदे आले होते. आता तेच कलम काळ्या शाळकरी मुलांवर वापरलं गेलं, याचा त्या समाजाला किती संताप आला असेल, याची कल्पना करा. १९९३ च्या उन्हाळ्यात न्यायाधीशांनी त्याला दोषी ठरवलं. शिक्षा झाली १५ वर्षांची, त्यातली १० वर्षं स्थगित. म्हणजे हातात उरली ५ वर्षांची कैद. बारावीचा हंगाम, दोन्ही खेळांचा, तिथेच संपला.

एक घटना आणि गावाच्या दोन कहाण्या

या प्रकरणावर स्टीव्ह जेम्स या दिग्दर्शकाने २०१० मध्ये 'नो क्रॉसओव्हर: द ट्रायल ऑफ ॲलन आयव्हरसन' हा माहितीपट केला. जेम्स स्वतः गोरा आणि हॅम्प्टनचाच. शिकागोतल्या दोन बास्केटबॉलवेड्या शाळकरी मुलांवरचा 'हूप ड्रीम्स' हा १९९४ चा गाजलेला माहितीपट त्याचाच. तो आपल्या गावी परत जातो, ओळखीच्या-अनोळखी लोकांना त्या रात्रीबद्दल विचारतो, आणि त्याच्या लक्षात येतं की इतक्या वर्षांनंतरही गावात एकच घटना दोन वेगवेगळ्या कहाण्या होऊन राहिली आहे. एकीला वाटतं, नावाजलेला खेळाडू म्हणून या मुलाला सूट मिळायला नको होती. दुसरीला वाटतं, तो नावाजलेला आणि काळा, म्हणूनच त्याला धडा शिकवला गेला. कित्येक लोक तर बोलायलाच तयार होत नाहीत.

मला हा माहितीपट फार जवळचा वाटला, त्याचं कारण आपल्या राहण्यात आहे. दोन भाषांच्या गावात वाढलेल्यांना हे काही समजावून सांगायला नको. एखादं साधं भांडण होतं, आणि संध्याकाळपर्यंत त्याला भाषा चिकटते, प्रांत चिकटतो. कोण कुणाला काय बोललं यापेक्षा तो कुणाचा होता हे महत्त्वाचं ठरतं. ज्या मुलाने काल गावाला ढाल जिंकून दिली, तो आज आपला की त्यांचा, हे ठरवलं जातं. खेळाडू मुलांवर तर हे ओझं दुप्पट असतं, कारण सगळे त्यांना ओळखतात, आणि त्यांची प्रत्येक गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांसमोर असते.

सुटका आणि एक आई

आयव्हरसनने चार महिने न्यूपोर्ट न्यूजच्या तुरुंगात काढले. १९९३ च्या डिसेंबरअखेर व्हर्जिनियाचे गव्हर्नर डग्लस वाइल्डर यांनी त्याला सशर्त माफी दिली. वाइल्डर हे अमेरिकेत गव्हर्नर म्हणून निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय. त्यांची मुदत संपायला तेव्हा काही दिवसच उरले होते. माफीने कैद टळली, पण शाळेकडून खेळायचं वर्ष काही परत आलं नाही. अडचणीत सापडलेल्या मुलांसाठीच्या एका वेगळ्या शाळेत जाऊन, खाजगी शिकवणी घेऊन, त्याने बारावीचं शिक्षण पूर्ण केलं. ज्या मुलाच्या मागे देशभरातली विद्यापीठं लागली होती, त्याला आता दारात उभं करायलाही बरेच जण तयार नव्हते.

अशा वेळी त्याची आई वॉशिंग्टनला गेली. तिथे जॉर्जटाउन विद्यापीठात जॉन थॉम्पसन हे प्रशिक्षक होते. सहा फूट दहा इंच उंचीचा, करड्या शिस्तीचा हा माणूस. १९८४ मध्ये अमेरिकेच्या विद्यापीठीय बास्केटबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. ॲनने त्यांना विनवलं, माझ्या मुलाला तुमच्याकडे घ्या. थॉम्पसन यांनी घेतलं. टीका होणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी घेतलं.

१९९४ च्या हंगामापासून आयव्हरसन जॉर्जटाउनकडून खेळू लागला. दोन वर्षं खेळला आणि दोन्ही वर्षी आपल्या गटातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. पुढे गुणांचा पाऊस पाडणारा म्हणून जगाला माहीत झालेला हा खेळाडू, थॉम्पसनकडे आधी बचावासाठी नावाजला गेला. मधूनच त्याला जुनं प्रेम आठवलं. फुटबॉलही खेळू का, असं त्याने थॉम्पसनना विचारलं, आणि अशा शब्दांत नकार मिळाला की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. हेही त्यानेच सांगितलेलं आहे.

१९९५ मध्ये व्हर्जिनियाच्या अपील न्यायालयाने पुरावा अपुरा असल्याचं सांगून त्याची शिक्षा रद्द केली. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, एनबीएच्या निवडीत फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्यांत सर्वांत बुटका खेळाडू तोच. २००१ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघाला अंतिम फेरीत घेऊन गेला. त्या वर्षीच्या मोसमोत्तर फेऱ्यांत लॉस एंजेलिसचा बलाढ्य संघ तोवर एकही सामना हरला नव्हता. अंतिम मालिकेच्या पहिल्याच सामन्यात आयव्हरसनने ४८ गुण करून त्यांना हरवलं. पुढचे चार सामने लॉस एंजेलिसने जिंकले, आणि अजिंक्यपद काही त्याच्या नशिबी आलं नाही. पण २०१६ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळालं, तेव्हा डोळ्यांतलं पाणी पुसत त्याने थॉम्पसन यांचे आभार मानले. तुम्ही माझा जीव वाचवलात, असं तो म्हणाला.

तो काही साधुसंत नव्हता. सरावावरून प्रशिक्षकांशी त्याचे खटके उडायचे. २००२ च्या एका पत्रकार परिषदेत 'सराव' हा शब्द त्याने वैतागून पुन्हा पुन्हा उच्चारला, त्याची चित्रफीत आजही लोक हसत बघतात. काही महिन्यांपूर्वीच त्याच्या जिवलग मित्राचा खून झाला होता, आणि त्याच परिषदेत तो त्याबद्दलही बोलला होता. हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

आपल्या घरांसाठी

आता आपल्याकडे वळू. आठवी-नववीपर्यंत आपली मुलं क्रिकेट, फुटबॉल, बास्केटबॉल, खो-खो सगळं खेळतात. मग घरात दोन प्रश्न येतात. पहिला, एकच खेळ धर, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. दुसरा, दहावी आली, आता खेळ बंद.

पहिल्या प्रश्नावर माझं मत सांगते. आयव्हरसनसारखी प्रतिभा लाखात एकाला मिळते, तेव्हा त्याचं बघून कुणी दोन अजिंक्यपदांचं स्वप्न मुलांच्या गळ्यात बांधू नये. पण चौदा-पंधराव्या वर्षी दोन खेळ खेळण्यात वेळ वाया जातो, हेही खरं नाही. एका खेळाने शिकवलेलं दुसऱ्यात उपयोगी पडतं. आपल्याच देशात चुनी गोस्वामी होऊन गेले. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं. तेच गोस्वामी पुढे बंगालच्या क्रिकेट संघाचे कर्णधार झाले आणि १९७१-७२ मध्ये संघाला रणजी करंडकाच्या अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेले. समोर मुंबई होती, त्यामुळे निकाल काय लागला असेल ते मराठी वाचकांना सांगायला नको! एकच खेळ निवडायची वेळ कधीतरी येतेच, आयव्हरसनलाही थॉम्पसननी निवडायला लावलंच. ती वेळ मुलाचा खेळ आणि शरीर पाहून यावी, शेजारच्यांच्या सल्ल्याने येऊ नये, एवढंच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आयव्हरसनच्या गोष्टीतच आहे. त्याला परत मैदानावर जाता आलं, ते बारावी पूर्ण केल्यामुळे. पुस्तकं बाजूला ठेवली असती तर जॉर्जटाउनचं दार उघडलंच नसतं. अभ्यासासाठी खेळ बंद करायची गरज नाही, आणि खेळासाठी अभ्यास सोडणंही परवडणारं नाही.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. तुमच्यातला एखादा उद्या शाळेला ढाल आणून देईल, सगळे त्याला खांद्यावर घेतील. त्याच मुलाबद्दल परवा काही वाईट कानावर आलं, तर लगेच कुठल्या तरी एका बाजूला जाऊन उभे राहू नका. काय झालं ते आधी विचारा, आणि त्यालाही विचारा. हॅम्प्टनमध्ये ओरडणारे दोन्हीकडे भरपूर होते. त्या मुलाच्या उपयोगी पडले ते मोजकेच: लहानपणापासून धरून ठेवणारे गॅरी मूर, बारावी करून घेणारे शिक्षक, मुलासाठी पदर पसरणारी आई, आणि टीकेची पर्वा न करता दार उघडणारा एक प्रशिक्षक. प्रत्येक गावात अशी चार माणसं लागतात. आपल्या मंडळातही ती असावीत, आणि वेळ आली तर त्यांतलं एक आपण व्हावं.